नववी पायरी आणि लिलच्या सात पोरी

मी जिना आहे. हसू नका. आयुष्यभर लोकांनी मला पायाखाली घेतलं, म्हणून मी बोलूच नये असं कुठे आहे? कोणाच्या बुटाचा तळ फाटलाय, कोणी मोज्याला घाईघाईत टाके घातलेत, कोण घाबरत पाय टाकतंय आणि कोण नुसताच तोरा मिरवतंय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

माझा जन्म पॅरिसबाहेर, मार्न नदीच्या काठी, सिनेमाच्या एका स्टुडिओत झाला. तेव्हा सिनेमा नुकता बोलायला लागला होता. नुकतं बोलायला लागलेल्या पोरासारखंच त्याचं तोंड मिटत नव्हतं. जो तो गाण्यांचा सिनेमा काढत होता.

मला घडवलं तेओफिल सुताराने. पन्नाशी उलटलेला, बायको वारलेली, मिशा तंबाखूने पिवळ्या पडलेल्या. चोवीस पायऱ्या, वर पांढरा रंग, काठाला काळी पट्टी. नाटकगृहातला झगझगीत जिना वाटावा असा थाट, आणि हे सगळं पाच दिवसांत.

"लाकूड ओलं आहे, साहेब," तेओफिल म्हणाला.

"सिनेमात ओलं-सुकं दिसत नाही," दिग्दर्शक कूर्ताद साहेबांनी उत्तर दिलं.

दिसत नाही हे खरंच. पण ऐकू येतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सिनेमा होता एका नाचणाऱ्या मंडळीचा. गावाकडच्या सात पोरी आणि त्यांची म्होरकी पॅरिस जिंकायला निघतात, गाडी चुकवतात, ट्रंकांची अदलाबदल करतात, आणि शेवटी मोठ्या थिएटरात माझ्यावरून गात गात उतरतात. म्होरकीचं काम करत होती मिराबेल, त्या काळची लाडकी गायिका. आणि सात पोरी खऱ्याखुऱ्या नाचणाऱ्या होत्या, लिल शहराहून आणलेल्या.

त्यांच्याबरोबर त्यांची बाई आली होती, लेओंतीन. वय एकावन्न, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या. तीस वर्षं ती रंगमंचावर नाचली होती. मग डावा गुडघा रुसला आणि ती पोरींना नाचवू लागली. सिनेमावाल्यांनी तिला कपडे सांभाळायचं काम दिलं होतं. टाचण्या ओठांत असल्या तरी तिचं बोलणं अडत नसे. पहिल्याच दिवशी तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं, बुटाच्या टाचेने दोन लाथा हाणल्या आणि विचारलं, "हे कोणी केलंय?"

"मी," तेओफिल छाती काढून म्हणाला.

"पायऱ्या एका मापाच्या नाहीत. तिसरी बोटभर उंच आहे."

तेओफिलने फूटपट्टी लावली. तिसरी बोटभर उंच निघाली. त्या दिवशी तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मिशा धुऊन येऊ लागला, हे मी पाहिलं.

मिराबेल वाईट नव्हती. गळा असा की ऐकणाऱ्याने हातातला पाव खाली ठेवावा. पण जिना उतरताना तिची नजर पायांवरच खिळायची. डोक्यावर शहामृगाच्या पिसांचा मुकुट, त्याखाली वाकलेली मान. वरून बघणाऱ्याला वाटावं, कोंबडी दाणे शोधतेय.

"मान वर, मिराबेल!" लेओंतीन खालून ओरडायची. "पाय तुझेच आहेत, पळून जाणार नाहीत!"

"पळाले तर बरंच होईल, बाई. मला उचलून तरी न्याल," मिराबेल वरून उत्तर द्यायची.

चार दिवसांत दिव्यांच्या धगीने माझं ओलं लाकूड आकसलं, खिळे सैलावले, आणि एका सकाळी वरून नवव्या पायरीवर मिराबेलचा पाय पडताच मी म्हणालो, "कुईंऽऽ."

आवाज टिपणारा गोल्वेन फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा, ब्रिटनी प्रांताकडचा होता, लाल कानांचा. तो गोधड्या लावलेल्या खोक्यात बसून कानांवर यंत्र लावून ऐकायचा. तो खोक्यातून उसळून बाहेर आला.

"डुक्कर कोणी आणलंय?"

"इथे डुक्कर नाही," कूर्ताद साहेब म्हणाले.

"मी शेतकऱ्याच्या घरात वाढलोय, साहेब. डुकराचा आवाज मला कळतो."

खूप शोधाशोध झाली. बाजावाल्यांनी आपापल्या खुर्च्या हलवून पाहिल्या. एका पोरीच्या चोळीवर संशय घेतला गेला, आणि तिने संशय घेणाऱ्याला असं काही सुनावलं की तो बाहेर हवा खायला गेला. शेवटी लेओंतीन एकेक पायरी दाबत वरून खाली आली, आणि चोर सापडला.

"माझ्या हातचा जिना कुरकुरत नाही," तेओफिल म्हणाला.

"कुईं," मी म्हणालो.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. खिळे ठोकले, तर नववी गप्प झाली आणि दहावी ओरडू लागली. ते काढले, तर पुन्हा नववी. फटीत पावडर भरली. पोरी नाचल्या, पावडर उडाली, आणि गाण्याच्या मधोमध सातजणी एकापाठोपाठ एक शिंकल्या. गोल्वेनने खोक्यात डोकं आपटून घेतलं. एक गोष्ट कबूल करतो. मला मजा येत होती. इतकी माणसं माझ्याभोवती गुडघे टेकून बसत, कान लावत, "आता कसं वाटतंय?" असं एकमेकांना विचारत. मिराबेलचीही एवढी विचारपूस होत नव्हती.

शेवटी तेओफिलने दाढीचा साबण आणून फटीत कोंबला. मी मुका झालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेओंतीनने त्याला आपल्या पिशवीतला चीज लावलेला पाव दिला. तो त्याने इतका हळूहळू खाल्ला की शेवटचा घास संध्याकाळपर्यंत पुरला असता.

पुढची गोष्ट सांगायला मला अवघड जातं.

तो शनिवार होता. सोमवारी दुसऱ्या सिनेमासाठी जागा मोकळी करायची होती, म्हणून शेवटचा नाच त्याच दिवशी व्हायला हवा होता. त्या नाचावर बरंच काही टांगलेलं होतं. पॅरिसच्या एका मोठ्या नाचघराच्या मालकाने सांगितलं होतं की पडद्यावरचा शेवटचा नाच आवडला तर तो अख्खी मंडळी ठेवून घेईल. नाच व्हायचा राहिला, तर कूर्ताद साहेब दोन देखण्या पोरी पुढच्या सिनेमात घेणार होते, आणि बाकीच्या पाचजणी लिलला परत, सूतगिरणीत. पाचहीजणी तिथूनच आलेल्या होत्या. त्यांतली झेली तर अजून झोपेत हाताने तुटलेला धागा जोडायची, असं इतर पोरी सांगत.

दहा वाजता दिवे लागले. दिव्यांच्या धगीने फटीतला साबण वितळला, हे कोणाला दिसलं नाही. मला कळलं होतं. पण मी बोललो असतो तर "कुईं"च म्हणालो असतो ना? आणि तेवढ्यासाठीच तर माझं तोंड बंद केलं होतं.

मिराबेल गात गात नवव्या पायरीवर आली आणि पाय सटकला. ती बसती झाली आणि बसल्या बसल्या सात पायऱ्या खाली आली. धप्, धप्, धप्. तिच्या धीराची कमाल अशी की वरचा सूर तिने शेवटच्या धपापर्यंत सोडला नाही.

खोक्यातून गोल्वेनचा आवाज आला, "हा झकास झाला! हाच ठेवू या!" त्याला आतून काही दिसत नसे.

मिराबेलचा घोटा दुधी भोपळ्याएवढा सुजला. मासे ठेवायच्या टपात बर्फ आणला, त्यात तिचा पाय बुडवला. तेओफिल एका कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कूर्ताद साहेब खालच्या पायरीवर बसले आणि चक्क रडले.

"मी गळ्याने शाबूत आहे," मिराबेल टपातून म्हणाली. "मी इथून गाते. माझे कपडे घालून दुसऱ्या कोणालातरी उतरू द्या. दुरून कोणाला कळतंय? जवळचं तोंड मागाहून माझं घ्या."

पोरींनी करून पाहिलं. आधी झेलीने मुकुट चढवला. तो एवढा जड की सहाव्या पायरीवर तिच्या नाकावर आला. दुसरीने पाय मोजत मोजत गाणंच मागे टाकलं. तिसरी वरूनच म्हणाली, "मी नाही उतरत. त्यापेक्षा गिरणी बरी."

"गिरणी बरी?" लेओंतीनने टाचण्या थुंकल्या. "गिरणी बरी म्हणतेस? थांब तिथेच!"

ती मागच्या शिडीने वर चढली. मुकुट आपल्या डोक्यावर बसवला. अंगात कपडे सांभाळणारीचा करडा झगा, गळ्यात मोजपट्टी. बाजावाल्यांकडे न बघता तिने हात उचलला आणि उतरायला लागली.

मी शेकडो पाय अंगावर घेतलेत. पण असे पाय नाहीत. ती पायरी शोधत नव्हती. पायरीच तिच्या पायाखाली यावी तसा पाय पडत होता. मान ताठ, नजर समोर, ओठांवर हसू. डावा गुडघा दुखत होता, ते फक्त मला कळत होतं. प्रत्येक डाव्या पावलाला ती केसभर थांबायची आणि ते थांबणंही नाचातलंच वाटायचं. खाली येईपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही.

"तुम्हीच," कूर्ताद साहेब उठून म्हणाले.

"मी तुमच्या आईच्या वयाची आहे."

"माझी आई असं उतरू शकत नाही."

लेओंतीनने मुकुट काढून काखेत धरला. "मग माझी अट ऐका. सातही पोरींची नावं जाहिरातीवर, आडनावासकट. आणि घ्यायचं तर सातहीजणींना घ्यायचं. दोन निवडून पाच परत, असलं काही चालणार नाही. आत्ता, सगळ्यांसमोर कागदावर लिहून द्या."

"बाई, हे माझ्या हातात नाही."

"पेन तर आहे ना हातात?"

साहेब घुटमळले. तेवढ्यात टपातून पाणी उडालं.

"कूर्ताद, लिहा," मिराबेल म्हणाली. "नाहीतर मी घरी जाते. गळा बरोबर घेऊन जाते."

साहेबांनी माझ्या बाविसाव्या पायरीवर कागद ठेवून लिहून दिलं. तो दाब मला अजून आठवतो.

आता अडचण कपड्यांची. मिराबेलचा चमकीचा झगा लेओंतीनला मागून बसेना. अकरा टाचण्या लावून कसाबसा ओढून धरला.

"आता माझी पाठ कॅमेऱ्याला दिसता कामा नये," ती म्हणाली. "आणि मला श्वास घ्यायला लावू नका."

साबण तेओफिलने पात्याने खरवडून काढला. एक कणही ठेवला नाही. साहजिकच माझा गळा मोकळा झाला. आधीपेक्षाही खणखणीत.

"कुईंऽऽ."

"मेलो," गोल्वेन म्हणाला.

लेओंतीनने नवव्या पायरीवर पुन्हा पाय दिला. मग पुन्हा. डोळे मिटून ऐकलं. मग बाजावाल्यांना म्हणाली, "ते मधलं कडवं वाजवा बरं. 'पॅरिस, दार उघड.' त्यानंतर एक मात्रा मोकळी आहे ना?"

त्यांनी वाजवलं. मिराबेलने टपातून गायलं, "पॅरिस, दार उघड." मात्रा मोकळी पडली, आणि त्याच क्षणी लेओंतीनने पाय टाकला.

"कुईंऽऽ!"

हुबेहूब दार उघडलं. जुनं, जड, बरीच वर्षं न उघडलेलं दार. आधी झेली फिसकन हसली. मग बाजावाले. मग खोक्यातून असा काही आवाज आला की सगळे घाबरले. गोल्वेन हसत होता. त्याला हसताना त्या स्टुडिओत कोणी ऐकलं नव्हतं.

"पोरींनो," लेओंतीन म्हणाली, "कडवं आठ वेळा म्हणायचं. आधी मी, मग तुम्ही एकेक. मात्रा चुकवाल तर दार नाकावर बंद होईल, सांगून ठेवते."

दिवे लागले. गाणं सुरू झालं. मी माझ्या लाकडी आयुष्यात प्रथमच घाबरलो होतो. आतापर्यंत मी मनाला येईल तेव्हा ओरडायचो. आज मात्रेवर ओरडायचं होतं.

लेओंतीन आली. "पॅरिस, दार उघड." कुईं! झेली आली. कुईं! तिसरी, चौथी, पाचवी. एकीनेही मात्रा सोडली नाही, आणि तुमच्यापासून काय लपवायचं, मीही नाही. आठही वेळा झाल्या तेव्हा लेओंतीन अठरा पायऱ्या उतरून आली होती.

एकोणिसाव्या पायरीवर तिचा गुडघा लचकला.

तिचा सगळा भार माझ्या काळ्या पट्टीवर आला. तिने श्वास रोखला. चेहरा हसरा, पण पाय पुढे उचलेना. वरून सात पोरी तालात उतरत होत्या. त्या थांबल्या असत्या तर सगळं संपलं होतं. झेलीने बाईच्या मानेकडे बघितलं आणि तिला कळलं. ती दोन पायऱ्या एका ढांगेत उतरली, लेओंतीनच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूने दुसरी आली. मग उरलेल्या पाचजणी, हातात हात. बाईचा डावा पाय जेमतेम टेकतोय, आणि सातजणी तिला डोलवत डोलवत खाली आणताहेत. पाहणाऱ्याला वाटावं, नाच असाच बसवलाय. त्या शेवटच्या पायऱ्यांवर आठ बायकांचं वजन एकदम माझ्यावर होतं, आणि मी आवाजसुद्धा काढला नाही.

खाली आल्यावर ठरल्याप्रमाणे लेओंतीनने तोंड फिरवायचं होतं, म्हणजे पुढे मिराबेलचा चेहरा जोडता आला असता. पण तोंड फिरवायचं तर झेलीच्या हातातून सुटून वळावं लागणार, आणि वळलं की अकरा टाचण्या दिसणार. ती वळली नाही. तिने सरळ कॅमेऱ्यात बघितलं, आणि एक डोळा मिचकावला.

"अहो बाई!" कॅमेरा थांबताच कूर्ताद साहेब किंचाळले. "तुमचं तोंड आलं त्यात!"

"मग काय झालं? घरून येताना तेच आणलं होतं."

पुन्हा करणं शक्य नव्हतं. गुडघा गेला होता, बर्फ वितळला होता. साहेब डोकं धरून बसले. तोडगा काढला तोही मिराबेलने. "गोष्टच बदला ना. सिनेमात माझा पाय मुरगळतो, आणि माझ्याऐवजी कपडेवाली बाई उतरते. दोन छोटे प्रसंग घाला. पाय सुजलेलाच आहे, रंगवावासुद्धा लागणार नाही."

तसंच झालं. पॅरिसमध्ये सिनेमा लागला त्या दिवशी मी अर्थातच नव्हतो. पुढचं तेओफिलकडून ऐकलेलं आहे. तो म्हणे, पहिल्या "कुईं"ला लोक हसले, चौथीला लोक तोंडाने तो आवाज काढायला लागले. आणि लेओंतीनने डोळा मिचकावला तेव्हा मागच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहून टोपी काढून वाकला. जाहिरातीवर सात नावं होती, आडनावासकट, अक्षर मुंगीएवढं. लेओंतीनचं नव्हतं. तिने मागितलंच नव्हतं. नाचघराच्या मालकाने सातहीजणींना ठेवून घेतलं. झेलीने आपल्या गिरणीच्या फोरमनला पोस्टकार्ड पाठवलं. त्यात तिने काय लिहिलं ते तेओफिल मला सांगायला तयार नव्हता.

माझं म्हणाल तर सोमवारी मला तोडलं. सिनेमातला जिना, त्याचं सरपण व्हायचं हे ठरलेलंच. नववी फळी गोल्वेनने मागून नेली. डुक्कर म्हणणारा तोच, आणि काखेत मारून नेताना कुरवाळत होता. खालच्या बारा पायऱ्या तेओफिलने हातगाडीवर टाकल्या आणि नदीकाठच्या आपल्या घरी नेऊन माळ्यावर चढायला लावल्या.

महिन्याभराने लेओंतीन आली, काठी टेकत. "जिना कसा आहे बघायला आले," म्हणाली.

"बरा आहे," तेओफिल म्हणाला. मिशा धुतलेल्या होत्या.

"मापात लावलाय का?"

"तुम्हीच बघा."

तिने फूटपट्टी मागितली. मग कॉफी मागितली, तीही लिलच्या पद्धतीची, चिकोरी घातलेली. तेओफिलला चिकोरीचा वास सहन होत नसे. त्यावरून जे भांडण जुंपलं ते पुढे सोळा वर्षं रोज सकाळी चाललं, कारण ती परत गेलीच नाही. नदीकाठच्या मुलींना ती माझ्यावर नाच शिकवायची. खाली खुर्चीत बसून काठीने ताल द्यायची. पोरींच्या आया आधी नाक मुरडायच्या, मग स्वतः शिकायला यायच्या. झेली रविवारी यायची, पुढे दोन मुलांना घेऊन यायची. आधी लेओंतीन गेली. तेओफिलने दुसऱ्या दिवशी सकाळी चिकोरीची कॉफी केली, माझ्या सर्वांत खालच्या पायरीवर बसला आणि तोंड वाकडं करत सगळी प्यायला. तो रोज तसाच बसायचा. दोन वर्षांनी तोही गेला.

आता हे घर पॅरिसच्या एका दातांच्या डॉक्टरने घेतलंय. माळा त्याने बंद केला. पहिल्या दिवशी त्याने मला बोटाने टकटक केलं, किडकी दाढ तपासावी तसं, आणि म्हणाला, "काढून टाकू."

"छे, राहू दे," त्याची बायको म्हणाली. "अंगणात ठेवू. वर कुंड्या छान दिसतील."

तेव्हापासून बारा पायऱ्यांवर बारा कुंड्या आहेत, जेरेनियमच्या. लाल फुलं येतात, येणारेजाणारे कौतुक करतात. माझी तक्रार फुलांबद्दल नाही. पण बाईसाहेबांचा हात सढळ आहे. रोज सकाळी झारी घेऊन येतात आणि कुंडी भरून वाहीपर्यंत ओततात. ते पाणी माझ्यात मुरतं. दुसरी आणि सातवी मऊ पडल्यात. परवा एक गोगलगाय माझ्यावरून चढून गेली. वर्षभरात माझ्यावरून चढलेली ती एकटीच.

तुम्ही या रस्त्याने गेलात तर फाटक उघडंच असतं. आत या. बाईंना माझ्या वतीने एवढंच सांगा, की कुंड्या खाली उतरवा आणि मुलांना माझ्यावर चढू द्या, बुटांसकट, चिखलासकट. झिजून संपायला माझी ना नाही. मी त्याचसाठी झालोय. पण फुलांना पाणी घालता घालता मला कुजवू नका हो.